समोर असेल तेच

“कान असा होता,” म्हणत नीलम्मांनी पिंपळाचं कोवळं पान सुकन्याच्या पाटावर ठेवलं आणि पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. सुकन्याची तान्ही लेक त्यांच्या मांडीवर झोपली होती.

सुकन्यानं पान उजेडाकडं धरलं. वरची कडा किंचित आत वळलेली. ती कडा बोटानं सरळ करायला गेली, तर नीलम्मा म्हणाल्या, राहू दे, तसंच होतं.

सुकन्या लातूरच्या एका क्लाससाठी जीवशास्त्राच्या नोट्समधली चित्रं काढायची. जास्वंदीचा उभा छेद, वालाची बी, मक्याचं मूळ. पोर झोपली की पाट मांडायचा, उठली की आवरायचा. तिचा नियम एकच, समोर नसलेलं काढायचं नाही. क्लासचे सर म्हणायचे, पुस्तकातून उतरवा ना मॅडम, परीक्षेत कोण बघतंय. तरी ती वाल आणून भिजत घालायची आणि मोड येईपर्यंत वाट बघायची.

नीलम्मा शेजारी राहायच्या, क्लासच्या पोरांचे डबे करायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं किल्लारीकडचं घर बसलं. नवरा गेला, लेक सिंधू गेली. नवऱ्याचा फोटो सोसायटीच्या पासबुकावर होता, तो मोठा करून भिंतीवर लावला. सिंधूचा फोटो कधी काढलाच नव्हता. शाळेत घातल्यावर काढू, असं ठरलं होतं. त्यामुळं नवऱ्याच्या फोटोशेजारी नुसता एक खिळा होता. हार मात्र दोन्हीकडं असायचा. खिळ्याला लोंबणारा शेवंतीचा हार, आत काहीच नाही.

म्हणून त्यांनी सुकन्याकडं चित्र मागितलं. सुकन्या म्हणाली की अव्वा, समोर नसलेलं मला जमत नाही. नीलम्मांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग समोर आणून देते.

तेव्हापासून त्या दर सोमवारी एसटीनं जुन्या गावाला जायला लागल्या. गाव म्हणजे आता दगडांचे ढीग आणि त्यावर माजलेल्या बाभळी, सीताफळी. लोक भरदिवसाही तिकडं वळत नसत. नीलम्मा मात्र पदराच्या गाठीत काहीतरी बांधून परत यायच्या. डोळ्यांसाठी सीताफळाच्या बिया, ओल्या असतानाच बघ म्हणायच्या. नाकासाठी भुईमुगाची एकदाणी शेंग. ओठांसाठी गुलबक्षीची मिटलेली कळी. केसांसाठी कणसाची काळपट शेंडी. अव्वा, ही लेक होती का भाजीबाजार, असं सुकन्यानं एकदा चिडवलं, तर त्याही हसल्या. पण वस्तूंच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. एक शेंग त्यांनी परत नेली, जरा जाड आहे म्हणून.

कान तेवढा राहिला होता. तो झाल्यावर सुकन्यानं सगळे सुटे कागद पसरले आणि एका मोठ्या कागदावर एकेक भाग उतरवत गेली. वीज गेलेली. रस्त्यावरून क्लास सुटल्याच्या सायकली चालल्या होत्या. शेवटची रेघ ओढून ती मागं सरकली आणि तिची पेन्सिल हातातच राहिली.

कागदावरून तिचीच पोर तिच्याकडं बघत होती. चार-पाच वर्षांनी मोठी झालेली. तेच नाक. तीच वरच्या ओठाची घडी. तिनं नीलम्मांच्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. उजव्या कानाची वरची कडा किंचित आत वळलेली होती.

 त्या ढिगाऱ्यातून कुणीतरी तुकड्या-तुकड्यानं तिच्या घरात येत होतं आणि ती स्वतःच्या हातानं त्याला जोडत होती. तिनं झटक्यात पोर उचलली. पोर दचकून रडायला लागली. मी हे फाडून टाकते, सुकन्या म्हणाली.

नीलम्मांनी अडवलं नाही. त्या रिकाम्या मांडीकडं बघत राहिल्या.

“फाड. ती सिंधू न्हाईच,” त्या म्हणाल्या. “मला तिचं तोंडच आठवत न्हाई गं माय. लई दिवस झाले. तिची अव्वा म्हणून हाक येती. वळून बघितलं की तोंडाच्या जागी काहीच न्हाई. तुझी लेक मांडीवर असली की वाटायचं, अशीच असंल. हिच्याकडं बघूनच समदं वेचलं मी.”

सुकन्या उभीच राहिली. पानाची शीर न् शीर तिनं पाहिली होती, शेंगेवरची जाळी पाहिली होती. वस्तू ठेवणारी बाई कुठं बघतेय, ते एकदाही पाहिलं नव्हतं.

पोर शांत झाल्यावर तिनं तिला झोळीत घातलं. पाटावर नवा कागद लावला आणि नीलम्मांना दारातल्या उजेडात सरकायला सांगितलं.

“लेकीतलं थोडं तरी आईत असेल, अव्वा. तेवढं माझ्यासमोर आहे.”

आधी ती नुसती बघत बसली. सुरकुती कुठून निघते, गाल कुठं बसलाय, पापणी कुठं उतरलीय. मग काढायला लागली. वयानं आणलेलं एकेक सोडत गेली. मनचं काहीच घातलं नाही, फक्त सोडत गेली. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा कागदावर अगदी थोड्या रेघा होत्या, आणि त्यांतून एक मुलगी बघत होती. सुकन्यानं तिला कधीच पाहिलं नव्हतं. त्या मुलीच्या हनुवटीवर पेन्सिलीचा काळा डाग पडला होता. तो पुसायच्या आधीच सुकन्यानं पाट वळवला.

नीलम्मा पुढं सरकल्या. मग त्यांनी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, मुलीनं तोंड फिरवू नये म्हणून डाव्या हातानं पाटामागून मान धरली, आणि हनुवटीवरचा डाग पुसायला लागल्या.