वरच्यांचं झाकण

वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको रोज तारस्वरात भांडायचे. भांडण पेटलं की बायकोने भिरकावलेलं पातेल्याचं झाकण खालच्या बाल्कनीत पडायचं. खालची टेलरबाई मनापासून जळायची. तिच्या घरी भांडायची सोयच नव्हती. नवरा आवाज चढवत नसे. मऊपणे विचारायचा, “आज कोणाकोणाशी बोललीस?” उत्तर पटलं नाही की आठवडाभर अबोला धरायचा. अशा शांततेतच तिचं माहेर सुटलं, शिलाईमशीनही गेलं. परक्याची वस्तू त्याला घरात खपत नसे, म्हणून आजही ती झाकण द्यायला वर गेली, तर दोघं एकमेकांच्या नकला करत चहा पीत होती. “तुमचं बाई बरं,” वरची म्हणाली, “घरातून हूं की चूं नाही!” खालून मऊ आवाज आला, “दार वहिनींनीच उघडलं ना?” झाकण देताना टेलरबाई कुजबुजली, “वहिनी, उद्याही भांडा हं. मला तेवढंच बाहेर पडायला मिळतं.”