आईच्या पत्राचा हक्क

संपादकबाईंनी पान त्र्याण्णववरच्या पत्राभोवती पेन्सिलीने चौकट काढली. "हे छापता येणार नाही."

"अहो, पत्र मला आलंय," थोरली म्हणाली. "आईने मला लिहिलंय."

"कागद तुमचा. मजकूर आईंचा, म्हणजे आता तुमच्या भावाचा."

आई लेखिका होती. मृत्युपत्रात तिने घर दोन्ही मुलांना दिलं आणि लेखनाचे सगळे हक्क एकट्या धाकट्याला. का, ते सांगून गेली नाही. थोरलीने आईच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. सोमवारी ते छपाईला जायचं होतं, आणि परवानगीच्या अर्जावर धाकट्याने एकच शब्द लिहून पाठवला होता, 'नाही'. वकिलाला विचारून झालं होतं. तोही पेन्सिलीच्याच बाजूचा निघाला.

"दोन-तीन ओळी घ्या," संपादकबाई म्हणाल्या. "त्या ओळींवर तुम्ही काही लिहिणार असाल, तर तेवढं चालतं. अख्खं पत्र नाही."

थोरली ओळी निवडायला बसली. पत्र सगळं नऊ ओळींचं, ती हॉस्टेलला असताना आलेलं. पांघरूण दोन्हीकडून खोचून घे. पेन कुणाला देऊ नकोस, तुला परत मागता येत नाही. संध्याकाळी जिन्यात चप्पल वाजली की मी उगीच दार उघडते. कुठलीही ओळ गाळली तरी आई अर्धीच उरायची. तिला रडू आलं, मग राग आला. शेवटी पत्र पर्समध्ये टाकून ती तडक धाकट्याच्या चष्म्याच्या दुकानात गेली.

तो भिंग घासत होता. तिने पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "एकदा वाच तरी. मग खुशाल नाही म्हण."

त्याने हात पुसले. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"अशी किती आहेत तुझ्याकडे?"

"असतील चाळीसेक. का रे?"

"हॉस्टेलला मीही होतो. चार वर्षं."

"माहितीये की. तुला दर महिन्याला पार्सल, मला नुसती पत्रं. फार हेवा वाटायचा मला तुझा."

त्याने टेबलाचा खालचा खण ओढला. आत पुठ्ठ्याचे तुकडे होते, कात्रीने सरळ कापून एकावर एक रचलेले. प्रत्येकावर आईच्या अक्षरात त्याचं नाव आणि हॉस्टेलचा पत्ता.

"आत चिठ्ठी कधीच नसायची, ताई," तो म्हणाला. "तिने मला लिहिलेलं एवढंच आहे."