मांजरीची दाढ

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, आणि उत्तनच्या घराघरांत ताटात सुके बोंबीलच उरले. हौसाची सासू मात्र ते बाजूला सारून पेज मागायची.

"लढाई चाललीय, तांदूल कुठं मिलतो?" हौसा करवादायची. "म्हातारपनी कसले हे नखरे!"

मग मांजरीनंही बोंबील सोडले. मान तिरकी करून ती एकाच बाजूनं चावायची, तोंडातून लाळ गळायची. हौसानं तिला गोणपाटात गुंडाळून ओठ वर केला, तर दाढ किडलेली, हिरडी सुजलेली. नवऱ्यानं हलणारी दाढ उपटली. हौसानं मिठाच्या कोमट पाण्यानं तोंड पुसलं आणि डब्याच्या तळाशी जपून ठेवलेल्या तांदळाची मऊ पेज शिजवली.

मांजर लपालपा चाटू लागली, तसे हौसाचे डोळे भरून आले.

"इतकं दुखत होतं तुला, आनि माज्या ध्यानात कसं आलं न्हाय गं?"



सुजलेल्या गालावर हात धरून कोपऱ्यात बसलेली सासू हळूच म्हणाली, "हौसा, तिची उरली त मना देशील?"