सहा बरण्यांचं लोणचं

"पदर सोड, माप घेऊ दे," शेवंताबाई टेप धरून म्हणाल्या. समोरच्या तरण्या बाईने पदर छातीशी आणखीच आवळला. "डावी बाजू नाही, मावशी. ऑपरेशन झालंय."

शेवंताबाईंना काहीच वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचंही तेच ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर गेला आणि जाताना हसणं-रडणंही घेऊन गेला. मागे उरलं शिलाई मशीन आणि दिवसाला चार ब्लाउज.

"आत कापूस भरतेस ना? हलका असतो, चालताना वर चढतो. मीही तीच चूक केली होती." त्यांनी आपल्या ब्लाउजच्या आतल्या खिशातून छोटी पिशवी काढून तिच्या हातावर ठेवली. "मोहरी आहे. दोन्हीकडे भार सारखा राहतो."

बाई ती पिशवी हातात झेलत राहिली. पदर कधी सुटला, तिला कळलंच नाही. "मावशी, दवाखान्यात तपासणीला आम्ही सहाजणी येतो. सगळ्याच कापूस कोंबतो."

संध्याकाळी किराणावाल्याने तीन किलो मोहरी तोलली. "लोणचं घालताय का, मावशी?"

"हो. सहा बरण्यांचं."

आपल्याला हसू आलंय, हे दुकानाची पायरी उतरताना शेवंताबाईंच्या ध्यानात आलं.