शेजारच्या सीटचा ब्रेक

बाथरूमचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तसे मास्तर मांजराच्या पावलांनी गॅरेजमध्ये शिरले आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून पाठीवर आडवे झाले. या वयात हे आसन सोपं नव्हतं. पण पोरीच्या जिवापुढे कंबर गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी टॉर्च दातांत धरला.

पोर म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, ठिणगी. लहानपणी तिने सॉकेटमध्ये खिळा घातला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. भंगारात निघालेली ही जुनी गाडी बापलेकीने मिळून उभी केली होती. पत्रा आणि इंजिन मास्तरांचं, तारांचं जंजाळ लेकीचं. शेवटी तिने हट्टाने एक कंट्रोल बॉक्स आणला. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं, स्पार्क कधी पाडायचा, सगळं आता तो बॉक्स ठरवणार होता. त्याचा नॉब स्टिअरिंगच्या बाजूला. एकवर ठेवला तर गाडी गरीब गाय. पाचवर ठेवला तर?

"तर पाचावर धारण बसते, मास्तर," बॉक्स विकणारा हसत म्हणाला होता.

ठिणगीचे डोळे चमकले होते आणि मास्तरांची झोप उडाली होती. उद्या ती याच गाडीने नव्या नोकरीच्या गावी निघणार होती. एकटीच. मोकळा रस्ता दिसला की तिचा पाय आवरत नाही, हे तिला गाडी शिकवणाऱ्या बापाला सांगायला नको होतं.

मास्तरांनी उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर काढली होती. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. "शेजारी बसायचं तर आपला ब्रेक आपल्याकडे हवा," असं ते घरीदारी सगळ्यांना ऐकवत. लेकीला तर ते पाढ्यासारखं पाठ होतं.

आज ते तोच ब्रेक बसवत होते. नॉबच्या कडेच्या दोन तारांची अदलाबदल केली की आकडे उलटे होतात, हे त्यांनी बॉक्सवाल्याकडून गप्पांच्या ओघात काढून घेतलं होतं. पाचाचं एक आणि एकाचं पाच. ठिणगी पाचवर टाकून खूश राहील आणि गाडी गरीब गायच राहील. एकवर टाकायचं तिच्या मनातही येणार नाही.

नॉबमागचं काम पाहून मात्र त्यांनी नाक मुरडलं. प्रत्येक जोड सोल्डर करून पक्का करणारी ही मुलगी, आणि इथे दोन काळ्या तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली! घाई, दुसरं काय. पण काम सोपं झालं. त्यांनी टेप सोडली, तारा बदलल्या, टेप पुन्हा गुंडाळली. ठिणगी केस पुसत बाहेर आली तेव्हा मास्तर साळसूदपणे चहा गाळत होते.

गावाबाहेर एका बंद कारखान्याचा सरळ, रिकामा रस्ता होता. तिथवर ठिणगीने गाडी तीनवर ठेवून आणली, थांबवली आणि खाली उतरली.

"बाबा, आधी तुम्ही."

"अगं, गाडी तुझी."

"हात तुमचेही लागलेत. छातीत स्टेंट बसवल्यापासून नुसते जीव मुठीत धरून वावरताय. आज हौस करून घ्या. पाचवर टाका."

"पाचवर? तुझी आई काय म्हणेल?"

"आईला कोण सांगतंय? मी आहे ना शेजारी."

पोरीने पापणीही न लववता पाच म्हटलं. आपण केलं ते किती बरं केलं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी पट्टा लावला, निर्धास्तपणे नॉब पाचवर फिरवला आणि पाय खालपर्यंत दाबला.

गाडीने अशी उसळी घेतली की मास्तरांची पाठ सीटला चिकटली. चाकं किंचाळली. कारखान्याचं फाटक धावत अंगावर आलं. शेजारी ठिणगीचा पाय दाणकन जमिनीवर आपटला, जिथे ब्रेक नव्हता. मास्तरांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि फाटकाला नाक लावण्याआधी उभी राहिली.

"बाबा! ठीक आहात ना?" ठिणगीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. ठोके जोरात होते, पण नीट होते. कुठे कळ नाही, धाप नाही. वर्षभर जपून वापरलेली ती छाती आज खणखणीत निघाली.

"ठणठणीत!" ते म्हणाले आणि खो खो हसू लागले.

मग तीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता. एकवरची गरीब गाय अशी उसळते, तर खरा पाच काय करील! बरी बुद्धी सुचली आणि वेळेवर तारा फिरवल्या.

"चल, आता तू चालव," ते उदारपणे म्हणाले. "पाचवरच राहू दे. उद्याही पाचवरच ने, अगदी बिनधास्त."

ठिणगीने डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही पाचवर टाकल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, शेजारी बसायचं तर आपला ब्रेक आपल्याकडे हवा. म्हणून कालच मी त्या नॉबच्या दोन तारा उलट्या करून ठेवल्या. सोल्डरसुद्धा केलं नाही, उद्या निघताना सरळ करायच्या म्हणून." ती पुन्हा हसली. "आत्ता तुम्ही चालवलीत ना बाबा, ती एकवर होती!"