रिकामी काच

तीन दिवस डोकेफोड केल्यावर भर दुपारी ताईच्या संगणकातल्या लिनक्सला एकदाचा स्कॅनर सापडला. आईची जुनी पत्रं विरायच्या आत संगणकात उतरवायचीच, म्हणून ताई हट्टाला पेटली होती. आधी चाचणीसाठी तिने रिकामी काच स्कॅन केली.

फोनवर धाकटा भाऊ होता. आपल्या घरी बसून तो तिचाच स्क्रीन बघत होता.

"ताई, काचेवरचा हात काढ की!"

"झाकण बंद आहे रे. माझे दोन्ही हात कीबोर्डवर आहेत."

स्क्रीनवर पंजा उमटला होता. बोटं लांबसडक, काचेला घट्ट टेकलेली.

तिने स्कॅनरची वायर उपटली. तरी झाकणाखालचा दिवा सरकतच राहिला.

"दुसरं चित्र आलं," भावाचा आवाज चिरकला. "ताई, यात तो हात नाहीये."

तिने मान वळवली. झाकण हळूहळू वर उचललं जात होतं.