कळायच्या आत प्राग

फोन टेबलावर पालथा पडून घूं घूं करत सरकतो आहे. निहार बूट घालतो आहे. बांधलेली नाडी तो सोडतो आणि पुन्हा बांधतो.

"तेजस्वी असेल," शुभदा म्हणते.

"असेल."

"घेणार नाहीस?"

"सायलेंटवर आहे. मला कुठे ऐकू आला?"

फोन थांबतो.

तेजस्वी ही अप्पाकाकांची एकुलती मुलगी. ती आणि अप्पाकाका चिपळूणला. अप्पाकाका हे निहारच्या वडिलांचे धाकटे भाऊ. आज पहाटे अप्पाकाका

(इथे एक शब्द आहे. घराण्याच्या ग्रुपवर तो आला, खाली जोडलेले हात. शुभदाने वाचला. निहारने नाही. निहारने फक्त शुभदाला वाचताना पाहिलं.)

आणि मग दोघांनी चहा घेतला.

नियम दोघांनाही ठाऊक आहे. सुतक ऐकल्यापासून धरायचं. ऐकलं की दहा दिवस. शिवाय काकांना मुलगा नाही, म्हणजे अग्नी द्यायला पुतण्याने निघायचं, आजच, बहारीनहून मुंबई आणि तिथून गाडीने. घरचे संध्याकाळपर्यंत वाट पाहतील. पण ऐकलंच नाही, तर लागलंच नाही. प्रागला नाताळ करून परत येईतो दहा दिवस उलटलेले असतील. तेव्हा ऐकलं, तर तीन दिवसांवर भागतं.

हे सगळं निहारने कपात बघत मनाशी मांडलं. शुभदानेही मांडलं असावं. नाहीतर तिने त्याला विचारलं असतं, असा गप्प का?

प्राग: जुना चौक, नाताळचा बाजार, पुलावर परीक्षित-दीप्तीबरोबर चौघांचा फोटो. चौघांच्या ग्रुपचं नाव 'या वर्षी नक्की'. दोनदा बेत मोडला, दोन्ही वेळा निहारमुळे.

खाली हॉर्न वाजतो. आज बहारीनचा राष्ट्रीय दिन. लाल-पांढरे झेंडे लावलेल्या गाड्या सकाळपासून सनद भागातल्या गल्ल्यांतून हॉर्न वाजवत फिरताहेत, त्यामुळे हा परीक्षितचा की देशाचा ते कळत नाही.

परीक्षितचाच असतो. बेल वाजते आणि त्याची बायको दीप्ती लोकरी टोपी घालूनच आत येते. कपाळावर घाम.

"यल्ला, यल्ला, चला! निहार, या खेपेला टांग मारलीस ना, तर तिथल्या नदीत बुडवीन तुला."

"अगं, तयारच आहे मी."

"गेल्या वर्षी पण हेच म्हणालेलास. शुभदा, ह्याला दोरीने बांधून आण बाई."

शुभदा हसते. तिला हसता येतंय हे निहारला बघवत नाही. मग तोही हसतो.

दीप्तीच्या मागे परीक्षित उभा आहे. तो आत येत नाही. त्याच्या हातात फोन आहे. निहार आणि तो चिपळूणच्या शाळेत एका बाकावर बसायचे, आणि मधल्या सुट्टीत दोघंही अप्पाकाकांकडे जेवायला जायचे.

"निहार, तेजूचा फोन आहे. तू उचलेनास म्हणून मला केला तिने. अरे, अप्पाकाका—"

"बोलू नकोस."

"अरे पण—"

"परीक्षित, बोलू नकोस. परत आल्यावर बोल."

दीप्ती टोपी काढते.

परीक्षितला क्षणभर काही कळत नाही. मग कळतं. तोही त्याच गावचा. तो आधी शुभदाकडे बघतो. ती बॅगेची चेन तपासायला वाकते. मग तो निहारच्या बुटांकडे बघतो. फोनवर त्याने तळवा दाबून धरलेला आहे. खाली झेंड्यांच्या गाड्या वाजत जातात.

परीक्षित तळवा काढतो. स्पीकर लावतो. मुद्दाम.

"परीक्षितदादा, आहात ना?" तेजस्वीचा आवाज बसलेला आहे, पण ती रडत नाही. "निहारदादा नाही भेटला तरी चालेल. त्याची वाट बघत नाही आम्ही. मीच करते सगळं. एकच विचारायचं होतं. पाण्याचं मडकं कुठल्या खांद्यावर घ्यायचं? मुलगी अग्नी देणार म्हटल्यावर भटजी आलेच नाहीत. इथे निम्मे लोक डावा म्हणतायत, निम्मे उजवा. भाऊकाका गेले तेव्हा दादानेच घेतलं होतं ना. त्याला आठवत असेल. भेटला तर तेवढं विचाराल? लोक उभे आहेत हो."

भाऊकाका म्हणजे निहारचे वडील.

शुभदा बॅगेशी वाकलेलीच आहे. दीप्ती हातातल्या टोपीचा गोळा करते, उलगडते, परत गोळा करते.





निहारचा उजवा हात वर जातो आणि डाव्या खांद्यावर येऊन थांबतो. आवाज होत नाही. बोटं शर्टात रुततात.

"डावा," परीक्षित फोनमध्ये म्हणतो. "डावा घे, तेजू. हो. नक्की."

पलीकडून ती काहीतरी विचारते. माणसांच्या गलक्यात ते इतरांना ऐकू येत नाही.

"नाही गं," परीक्षित निहारकडे बघत म्हणतो. "इथे तो नाहीये."